लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’ आल्या: त्या नेमक्या कोणत्या, आणि शरीरात त्यांचं काम काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, स्त्री, त्रास काहीच नाही. नोकरीच्या वैद्यकीय चाचणीसाठी लघवी तपासली तर ‘एपिथेलियल सेल्स १२ ते १५’, पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २ ते ३, प्रथिनं आणि साखर नाही असा रिपोर्ट आला. मग तुम्ही शोधायला बसलात. एका ठिकाणी वाचलं की या पेशी त्वचेत असतात, दुसरीकडे आतड्यात, तिसरीकडे फुफ्फुसात. आणि एके ठिकाणी थेट ‘मूत्रपिंडाला इजा’ असे शब्द दिसले. या पेशींचे प्रकार किती, त्या काय काम करतात, आणि मूत्रपिंड झिजून त्या बाहेर पडताहेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. समोर आलेली एपिथेलियल पेशी नेमकी कोणती, कुठली, आणि ती जिथे सापडली तिथे तिने असायला हवं का, हे ठरवण्यातच माझ्या दिवसाचा बराचसा वेळ जातो. तुम्ही वाचलेली सगळी ठिकाणं बरोबर आहेत. ‘एपिथेलियल सेल’ ही एकच एक पेशी नव्हे, तो खूप मोठा गट आहे. त्या गटातली कोणती पेशी दिसली ते तुमच्या रिपोर्टने लिहिलेलं नाही, आणि तुमच्या काळजीचं उत्तर नेमकं त्या न लिहिलेल्या शब्दात आहे. तुमची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे ‘काही नाही, निश्चिंत राहा’ असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण प्रकार कळले की शक्यता कुठे झुकते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

शरीराला जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे तिथे या पेशींचं आवरण असतं. बाहेरून त्वचा, आतून अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, मूत्रमार्ग, गर्भाशय, शिवाय ग्रंथी आणि त्यांच्या नळ्या. शाळेच्या पुस्तकात यालाच अभिस्तर ऊती म्हटलेलं असतं. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, मध्ये मोकळी जागा जवळजवळ ठेवत नाहीत. त्यांच्या खाली एक पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. रक्तवाहिन्या त्या पडद्याच्या खालीच थांबतात, म्हणून या पेशींचं पोषण खालून झिरपून येतं. अगदी वरवर खरचटलं तर रक्त येत नाही, ते यामुळेच.

आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा कमी होते. या पेशींना वरची आणि खालची बाजू असते, आणि दोन्ही बाजूंची यंत्रणा निराळी असते. वरच्या टोकाला एक प्रकारचे पंप आणि दारं, खालच्या टोकाला दुसऱ्या प्रकारची. शेजारच्या दोन पेशींमधली फट वरच्या बाजूला टाइट जंक्शनने बंद केलेली असते. त्यामुळे पदार्थांना बराचसा प्रवास पेशीच्या आतूनच, तिच्या परवानगीने करावा लागतो. शोषण, स्राव, गाळलेलं परत घेणं ही सगळी कामं या दिशेच्या भानावर चालतात.

पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या जोडण्यांचं महत्त्व त्या तुटल्यावर कळतं. डेस्मोसोम ही दोन पेशींना जागोजागी जोडणारी प्रेस-बटणं समजा. पेम्फिगस नावाच्या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं या जोडण्यांतल्या प्रथिनांवर हल्ला करतात. पेशी एकमेकींपासून सुटतात आणि त्वचेवर व तोंडात लगेच फुटणारे, पातळ फोड येतात. पेम्फिगॉइडमध्ये हल्ला होतो तो पेशीला खालच्या पडद्याशी जोडणाऱ्या हेमिडेस्मोसोमवर. तिथे पूर्ण थरच वर उचलला जातो, म्हणून फोड ताठ असतात आणि सहज फुटत नाहीत. फोड नेमका कोणत्या पातळीवर सुटलाय हे स्लाइडवर पाहिलं की निदानाची अर्धी वाट तिथेच सरते.

आता प्रकार. नावं देण्याची पद्धत सोपी आहे: थर किती आणि सर्वांत वरच्या थरातल्या पेशींचा आकार कोणता. एकच थर असेल तर सरल, अनेक असतील तर स्तरित. आकार चपटा असेल तर स्क्वेमस, घनासारखा असेल तर क्यूबॉइडल, उभा उंच असेल तर कॉलम्नर. विद्यार्थी याचा तक्ता पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी त्यांना उलटा प्रश्न विचारायला सांगते: या पृष्ठभागाला काय सोसायचंय आणि काय करायचंय? त्याचं उत्तर मिळालं की पेशीचा आकार बहुतेक वेळा आपोआप सुचतो.

फुफ्फुसातल्या वायुकोशांतून ऑक्सिजन रक्तात जायचा आहे, तर भिंत जितकी पातळ तितकी बरी. म्हणून तिथे एकच थर आणि तोही अतिशय चपट्या पेशींचा. वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग या पहिल्या प्रकारच्या पेशी व्यापतात. त्यांच्यामध्ये दुसऱ्या प्रकारच्या, घनाकार पेशी बसलेल्या असतात. त्या सर्फॅक्टंट बनवतात, ज्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटून बसत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास घ्यायला त्रास होतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे या पेशी अजून पुरेशा तयार नसतात. पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या तर त्यांची जागा भरून काढायचं कामही दुसऱ्या प्रकारच्याच करतात. (रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही असाच चपट्या पेशींचा एक थर असतो, पण त्याला एंडोथेलियम म्हणतात. रिपोर्टमधल्या ‘एपिथेलियल’मध्ये तो धरलेला नसतो.)

जिथे घासणं आणि रगडणं आहे तिथे एक थर टिकणार नाही. तिथे अनेक थरांचं स्क्वेमस अस्तर असतं. त्वचेत वरच्या पेशी केराटिनने भरून, मरून कोरड्या होतात आणि पाणी आत-बाहेर होऊ देत नाहीत. तोंड, अन्ननलिका, योनीमार्ग, गर्भाशयमुखाचा बाहेरचा भाग आणि मूत्रमार्गाचं अगदी शेवटचं टोक इथेही हेच अस्तर असतं, फक्त ओलं, कोरड्या केराटिनच्या थराविना. पेशी तळाशी जन्मते, वर ढकलली जाते, चपटी होत जाते आणि गळून पडते. त्वचेत या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. तुमच्या प्रश्नासाठी इथलं एक वाक्य लक्षात ठेवा: या पेशी रोज गळतात आणि त्यांनी गळणंच अपेक्षित आहे.

योनीमार्गातल्या स्क्वेमस पेशी गळतानाही उपयोगी पडतात. त्यांच्यात ग्लायकोजेन साठवलेलं असतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. पुनरुत्पादनाच्या वयात तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो तो याच साखळीमुळे, आणि बऱ्याच उपद्रवी जंतूंना त्यामुळे जम बसवता येत नाही.

आतड्याबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एपिथेलियल पेशी किती काम करते ते तिथे सर्वांत छान दिसतं. लहान आतड्यात उंच कॉलम्नर पेशींचा एकच थर असतो. प्रत्येक शोषक पेशीच्या वरच्या टोकावर अतिसूक्ष्म बोटांसारख्या उंचवट्यांची दाट झालर असते, त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. अधूनमधून गॉब्लेट पेशी श्लेष्मा सोडतात, खोलगट भागातल्या पॅनेथ पेशी जंतुरोधक द्रव्यं सोडतात, आणि काही पेशी हॉर्मोन बनवतात. एकाच थरात एवढी श्रमविभागणी. हा सगळा थर साधारण तीन ते पाच दिवसांत नवा होतो. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते, म्हणून त्या उपचारात जुलाब आणि तोंड येणं इतकं नेहमीचं असतं.

कॉलऱ्यात काय होतं ते पाहा. जंतू आतड्याच्या पेशींना मारत नाही. त्याचं विष पेशीतला एक स्विच ‘चालू’ स्थितीत अडकवतं, पेशी क्लोराइड बाहेर ओतत राहते, आणि त्यामागोमाग सोडियम आणि पाणी जातं. पण त्याच पेशीच्या वरच्या टोकाला ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेणारं एक निराळं दार असतं आणि ते शाबूत राहतं. ओआरएस चालतं ते त्या दारामुळे. ग्लुकोज सोबत असेल तर सोडियम आत जातं, आणि त्यामागे पाणी. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल ठेवले आहेत, ते या जोडीचा विचार करूनच.

श्वासनलिकेचं अस्तर पाहिलं तर अनेक थर असल्यासारखं वाटतं, कारण पेशींची केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर असतात. प्रत्यक्षात प्रत्येक पेशी खालच्या पडद्याला टेकलेली असते, म्हणून त्याला आभासी स्तरित म्हणतात. वर रोमक, म्हणजे सिलिया. ते धूळ आणि जंतू अडकलेला श्लेष्मा सतत घशाकडे ढकलतात. जठरात याच उभ्या पेशींच्या ग्रंथी होतात आणि त्यांतल्या काही आम्ल, काही पेप्सिनचा पूर्वघटक बनवतात. यकृतातल्या, थायरॉइडमधल्या, घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथींमधल्या मुख्य पेशीही याच गटातल्या आहेत.

तुमच्या काळजीचा विषय असलेली मूत्रपिंडाच्या नलिकांची पेशी घनाकार. रोज साधारण १८० लिटर द्रव मूत्रपिंडात गाळला जातो आणि लघवी होते एक ते दोन लिटर. बाकीचं सगळं या नलिकांच्या पेशी परत घेतात, त्यातलं सुमारे दोन तृतीयांश पहिल्याच भागात. एवढ्या कामाला ऊर्जा भरपूर लागते, म्हणून रक्तपुरवठा तुटला की पहिल्यांदा याच पेशी मार खातात.

तिथून लघवी खाली उतरते ती मूत्रनलिकेत आणि मूत्राशयात. इथलं अस्तर ट्रान्झिशनल, आणि ते मूत्रमार्गाव्यतिरिक्त कुठेच नसतं. मूत्राशय रिकामं असताना ते जाड दिसतं, भरलं की पेशी ताणल्या जाऊन पातळ. सर्वांत वर मोठ्या छत्री पेशी असतात, बऱ्याचदा दोन केंद्रकं असलेल्या. लघवीतले टाकाऊ पदार्थ पुन्हा शरीरात झिरपू नयेत याची राखण त्या करतात.

इथवरचं एका वाक्यात: पातळ चपटी पेशी देवाणघेवाणीसाठी, अनेक थर घर्षणासाठी, उंच पेशी शोषण आणि स्रावासाठी, घनाकार पेशी परत घेण्यासाठी, आणि ताणला जाणारा थर फक्त मूत्रमार्गासाठी.

ही वाटणी पक्की नसते, आणि माझ्या पेशातली खरी गंमत (आणि खरी चिंताही) तिथे सुरू होते. पृष्ठभागाला सोसावं लागणारं बदललं की अस्तर आपला प्रकार बदलतं. वर्षानुवर्षं धूर सोसणाऱ्या श्वासनलिकेत रोमक पेशींच्या जागी टणक स्क्वेमस पेशी येतात. त्या धुराला पुरून उरतात, पण त्यांना रोमक नसल्यामुळे कफ वर ढकलला जात नाही. अन्ननलिकेत उलटं घडतं: जठरातलं आम्ल वारंवार वर येत राहिलं तर काही जणांमध्ये खालच्या टोकाचं स्क्वेमस अस्तर जाऊन आतड्यासारखं कॉलम्नर अस्तर येतं. याला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. हा बदल म्हणजे कर्करोग नव्हे, पण धोका वाढलेला असतो, म्हणून दुर्बिणीतून नजर ठेवावी लागते.

गर्भाशयमुखावर हे दोन प्रकार एकमेकांना भेटतात, आणि ती सीमारेषा तारुण्यात सरकत असते. एचपीव्ही या विषाणूला पाय रोवायला हीच जागा आवडते. १९४१ मध्ये पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांनी गळलेल्या पेशी पाहून इथला कर्करोग ओळखता येतो हे मांडलं. आजची पॅप स्मीअर तपासणी त्यातूनच आली. गळणाऱ्या पेशींचं गळणं इतक्या लोकांच्या कामी आलं आहे.

प्रौढांमधले बहुतेक कर्करोग एपिथेलियल पेशींतून सुरू होतात आणि त्यांना कार्सिनोमा म्हणतात. कारण समजण्यासारखं आहे: या पेशी सतत विभागतात आणि धूर, ऊन, रसायनं, विषाणू यांना पहिल्यांदा सामोऱ्या जातात. सुरुवातीला सांगितलेला तो पातळ पडदा इथे पुन्हा येतो. बिघडलेल्या पेशी पडद्याच्या वरच असतील तर आजार जागेवर आहे आणि काढून टाकला की सहसा संपतो. पडदा ओलांडला की खाली रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या आहेत, तिथून पसरायला वाट मिळते. बायोप्सीच्या रिपोर्टमधला ‘इन सिटू’ हा शब्द एवढंच सांगतो की पडदा ओलांडलेला नाही.

आता तुमचा रिपोर्ट. लघवीत तीन प्रकारच्या एपिथेलियल पेशी येऊ शकतात.

पहिली स्क्वेमस. मोठी, चपटी, कडा बऱ्याचदा दुमडलेल्या, मधोमध लहानसं केंद्रक. ती मूत्रमार्गाच्या शेवटच्या टोकाची, किंवा स्त्रियांमध्ये बहुतेकदा बाहेरच्या त्वचेची वा योनीमार्गाची. लघवीत सर्वांत जास्त दिसणारी हीच, आणि तिची संख्या वाढणं याचा अर्थ बहुतांश वेळा एवढाच की नमुना घेताना बाहेरचा भाग मिसळला. त्यांच्यावर जिवाणूंचा दाट लेप चढून कडा पुसट झाल्या असतील तर त्या ‘क्लू सेल्स’. तेव्हा स्राव, वास असा काही त्रास आहे का ते विचारावं लागतं.

दुसरी ट्रान्झिशनल, लहान, गोल किंवा नासपतीच्या आकाराची. थोड्याफार कुणाच्याही लघवीत सापडतात. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर त्यांचे पुंजके येतात. पण काही कारण नसताना पुंजके दिसले, केंद्रकं मोठी, गडद आणि वेडीवाकडी असली, तर मी स्वतः डॉक्टरांना फोन करते. विशेषतः रुग्ण वयाने मोठा, धूम्रपान करणारा आणि लघवीतून न दुखता रक्त जाणारा असेल तर.

तिसरी मूत्रपिंडाच्या नलिकेची. पांढऱ्या पेशीपेक्षा थोडीच मोठी, गोल केंद्रक, तेही बऱ्याचदा एका बाजूला. ही वाढली तर मात्र गांभीर्याने घ्यावं लागतं: रक्तदाब फार खाली जाणं, काही प्रतिजैविकं किंवा केमोथेरपीच्या औषधांचा मूत्रपिंडावर परिणाम, प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारणं. तुम्ही वाचलेले ‘मूत्रपिंडाला इजा’ हे शब्द या तिसरीबद्दल आहेत. ही पेशी एकटीने क्वचितच येते. सोबत कास्ट (नलिकांच्या आत गोठून तयार झालेले दंडगोल साचे) दिसतात, अनेकदा प्रथिनं असतात, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळतंय का ते सांगणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असतं, आणि माणूस बहुधा आधीच आजारी असतो. रंग न लावता साध्या स्लाइडवर ती ट्रान्झिशनल पेशीपासून वेगळी ओळखणं अवघड असतं, म्हणून मी या सोबतच्या खुणा पाहिल्याशिवाय मत देत नाही.

पेशी सापडली कुठे यावर अर्थ कसा बदलतो त्याचं एक उदाहरण. कफाचा नमुना आला की आम्ही आधी स्क्वेमस पेशी मोजतो. सूक्ष्मदर्शकाच्या कमी विस्ताराच्या दृश्यक्षेत्रात त्या १० पेक्षा जास्त असतील तर तो छातीतला कफ नसून तोंडातली लाळ आहे असं धरून कल्चरसाठी नवा नमुना मागवतो. तिथे ही पेशी आजाराबद्दल काहीच सांगत नाही, नमुना कसा घेतला ते सांगते. तुमच्या लघवीतही तसंच झालं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. त्रास नाही, प्रथिनं नाहीत, पस सेल्स मोजक्या, आणि वाढलेला आकडा फक्त एपिथेलियल पेशींचा.

‘१२ ते १५’ या आकड्याला फार चिकटून राहू नका. तो जास्त विस्ताराच्या एका दृश्यक्षेत्रातला अंदाज असतो. लघवी किती घेतली, गाळ बसवायला यंत्रात किती वेळ फिरवली, तळाचा गाळ किती थेंबांत मिसळला, यावर तो दोन प्रयोगशाळांमध्ये सहज वेगळा येतो.

मी तुमच्या जागी असते तर नमुना पुन्हा दिला असता, पाळी संपून काही दिवस झाल्यावर. बाहेरचा भाग साध्या पाण्याने समोरून मागे धुवायचा, योनीमुखाचे ओठ बाजूला धरायचे, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबी अंगाला न लावता. तासाभरात, फार तर दोन तासांत ती प्रयोगशाळेत पोचावी. लघवी तशीच पडून राहिली की पेशी फुटतात आणि जिवाणू वाढतात. देताना तिथल्या तंत्रज्ञांना स्पष्ट विचारा की पेशी स्क्वेमस आहेत की इतर. काही स्वयंचलित यंत्रं हा भेद स्वतःच छापतात. फक्त रंगपट्टीवर तपासणी केली असेल तर त्यात एपिथेलियल पेशी कळत नाहीत, गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.

दुसऱ्या नमुन्यात आकडा खाली आला तर विषय मिटला, चाचणीच्या फॉर्मला तोच रिपोर्ट जोडा. नीट घेतलेल्या नमुन्यातही स्क्वेमस नसलेल्या पेशी जास्त दिसल्या, प्रथिनं किंवा कास्ट आले, तर क्रिएटिनिन करून फिजिशियनना दाखवा. आणि लघवीला जळजळ, ताप, कमरेत दुखणं, पायावर सूज किंवा लालसर लघवी यांपैकी काही सुरू झालं तर दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे जा. नवा रिपोर्ट आला की पेशींचा प्रकार, प्रथिनं आणि कास्ट या तीन ओळी इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.